तळमजला कुणाचा? तांबट आळीतल्या एका वाड्याचं प्रकरण

हे कसबा पेठेतल्या एका वाड्याचं प्रकरण आहे. वाडा तीन भाऊबंदांच्या मालकीचा. त्यात सहा भाडेकरू आणि तळमजल्यावर तांब्याच्या भांड्यांचा कारखाना. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याला धोकादायक इमारतीची नोटीस लागली आणि पुढची चार वर्षं मी जुने वाडे जपण्याच्या कामाचा सल्लागार म्हणून त्यात गुंतलो होतो. माणसांची आणि वाड्याची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत, काही तपशील बदलले आहेत. आळीचं नाव मात्र लपवून उपयोग नव्हता. हातोड्याच्या आवाजाशिवाय हे प्रकरण सांगताच येत नाही.

पार्श्वभूमी

पुण्याची जुनी वस्ती म्हणजे कसबा. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला आणि गावात पहार ठोकली. पुढे जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन आल्या आणि त्याच जमिनीत सोन्याच्या फाळाचा नांगर फिरला, ही गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला पाठ असते. लाल महाल आणि कसबा गणपती हे या वस्तीचे दोन टेकू. शंभरेक वर्षांनी, १० जानेवारी १७३० ला, शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. मग पेठांमागून पेठा वसल्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आलं, चौकाचौकांत हौद झाले. कसब्यातला फडके हौद आता फक्त नावात उरला आहे, पण रिक्षावाल्याला अजून तेवढं पुरतं.

दरबार आला की दरबाराला लागणारी माणसं येतात. तांबट मूळचे कोकणातले आणि पेशवाईत इथे आले, असं आळीत सांगतात. त्यांच्या शेजारी कुंभार, बुरूड, कागद करणारे, शिंपी. एका आळीत एक धंदा. घर वर आणि धंदा खाली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळं प्रकरण पुढे तिथेच येऊन अडणार आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, दहा वर्षांनी शनिवारवाडा जळाला, पण तांबट आळी बसली नाही. दरबार गेला तरी आंघोळ राहिली. घरोघरी तांब्याचा बंब, घंगाळं, हंडा, घागर, कळशी, परात. मुलीच्या लग्नात तांब्या-पितळेची भांडी द्यायचीच. रेल्वे आल्यावर पत्रा मुंबईहून येऊ लागला आणि माल बाहेरगावी जाऊ लागला. १८८५ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये पुण्याच्या या धंद्याची दखल आहे. आजच्या मालकांपैकी थोरले अण्णा, त्यांच्या पणजोबांनी हा वाडा बांधला तो याच भरभराटीत. दगडी जोतं, सागवानी खांब, विटांच्या भिंती, वर कौलं, दोन चौक. पुढच्या चौकाभोवती भट्टी आणि ठोकायच्या जागा, वर घर. मागच्या चौकात माल ठेवायच्या खोल्या, ज्यांत पुढे भाडेकरू आले.

अण्णा म्हणजे थोरल्या शाखेचे. प्रकरण सुरू झालं तेव्हा एकाहत्तर वर्षांचे आणि रोज सकाळी नऊला हातोडा हातात घेणारे. मधल्या शाखेच्या काकू, यजमान वारलेले, दोन मुली सासरी. धाकट्या शाखेचा पुतण्या पिंपरीला एका कारखान्यात सुपरवायझर, राहायला चिंचवडला.

घसरण

उतरती कळा कुठल्या एका वर्षी लागली नाही. साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील घरात शिरलं. त्याला कल्हई नको, चिंच लावून घासणं नको. बंबाच्या जागी गॅस आणि गीझर आला. तांब्याची भांडी माळ्यावर गेली आणि पुढे मोडीत.

धंद्याचं गणितही तांबटाच्या विरुद्ध होतं. भांडं वजनावर विकलं जायचं आणि मजुरीही किलोवर ठरायची. मोठा हंडा पटकन वजन देतो. लहान, नाजूक, बारीक मठार दिलेलं भांडं तासनतास खातं आणि काट्यावर काहीच भरत नाही. मठार म्हणजे भांड्यावर ओळीने हलके ठोके देत जाणं. पत्रा तापवला की मऊ होतो, ठोकला की कडक. मठाराने पातळ पत्र्यालाही ताकद येते आणि वर छोट्या आरशांसारखी चमक उठते. म्हणजे जे काम तांबटाला तांबट ठरवतं, त्याचेच पैसे मिळत नव्हते.

मग १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, खडकवासला फुटलं, आणि नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. आमचा वाडा उंचावर असल्याने वाचला, पण कसब्याच्या नदीकडच्या भागातली कितीतरी घरं बसली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. आळीतल्या लोकांनी तिथली घरं बघितली. खोलीत नळ आणि आत संडास. पेठेतून बाहेर पडण्याची वाट पुराने दाखवली, ती पुढे कोथरूड-धायरीपर्यंत रुंद होत गेली.

राहिलेल्या वाड्यांना भाडेनियंत्रणाने धरून ठेवलं. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला आणि त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. आता २००० साली एका खोलीचं भाडं २२ रुपये होतं. ४ टक्क्यांनी चढत ते २०१८ मध्ये ४५ सुद्धा होत नाही. ४५ रुपयांत कौल बदलून मिळत नाही, हे मालकाचं म्हणणं. चाळीस वर्षं आम्हीच कौलं बदलली, हे भाडेकरूंचं म्हणणं. दोन्ही खरं होतं, म्हणूनच कुणी कुणाला ऐकत नव्हतं.

अडचण

मे २०१८ मध्ये महापालिकेची नोटीस भिंतीवर चिकटली. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक, रिकामी करा. दर पावसाळ्याआधी पेठांत अशा नोटिसा लागतात आणि बहुतेक घरांत त्या कॅलेंडरशेजारी पिवळ्या पडतात. ही वेगळी ठरली. जुलैत मागच्या चौकाची एक भिंत रात्री साडेतीनला सुटली. वरच्या खोलीतल्या आजी नातवाकडे हडपसरला गेल्या होत्या, म्हणून जीव वाचला.

मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा पुढच्या चौकात भट्टी पेटलेली होती आणि मागच्या चौकात ढिगारा. भिंत का पडली ते ढिगाऱ्यातच दिसत होतं. सत्तरच्या दशकात मागच्या वरच्या खोल्यांना कोपऱ्यात मोऱ्या काढून दिल्या होत्या. त्या मोऱ्यांचं पाणी चाळीस वर्षं तुळयांच्या टोकांत मुरत होतं. सागवान मधोमध ठणठणीत आणि भिंतीत गेलेली टोकं भुश्यासारखी. वाडा म्हातारा होऊन पडत नाही, बहुतेक वेळा तो मोरीने पडतो.

कागदाची बाजू याहून वाईट. मिळकत पत्रिकेवर अजून अण्णांच्या आजोबांचं नाव. त्यांच्यानंतर दोन पिढ्या गेल्या, वारसनोंद कुणी केलीच नव्हती. सहा भाडेकरूंपैकी चार राहते. एकाने खोलीत शिवणयंत्रं टाकून पोटभाडेकरू ठेवलेला. आणि एक खोली कुलूपबंद. तिचे भाडेकरू पंचवीस वर्षांपूर्वी धायरीला फ्लॅट घेऊन गेले, पण भाडं दर महिन्याला मनीऑर्डरने येतं आणि कुलूप त्यांचंच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय न बोलता सगळ्यांच्या मनात होता: वाट पाहायची. आणखी दोन पावसाळे गेले की वाडा आपोआप मोकळा होईल. पेठांत हे चालतं आणि मालकांना दोष देणं सोपं आहे, पण इथे निदान पुतण्याने ते तोंडावर सांगितलं. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, पुढच्या वेळी आजी हडपसरला असतीलच असं नाही. दोन, इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे वाट पाहून जीव जाईल, भाडेकरू नाही.

दुसरा, बिल्डर. एकाने सप्टेंबरमध्ये प्रस्ताव आणला. पार्किंगवर पाच मजले, प्रत्येक भाडेकरूला मालकी हक्काचा फ्लॅट, तिन्ही शाखांना दोन-दोन फ्लॅट आणि वर रोख रक्कम. शनिवारवाड्यापासून आम्ही पुरेसे लांब होतो. तिथे १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरला वेगळी परवानगी लागते. त्या पट्ट्यातल्या मालकांना हा प्रस्ताव मिळतच नाही. वाडा महापालिकेच्या वारसा यादीतही नव्हता. म्हणजे कायद्याने काहीच आड येत नव्हतं आणि प्रस्ताव चांगला होता. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण अशा गोष्टींत बिल्डर नेहमी खलनायक असतो. हा नव्हता.

तिसरा, संपूर्ण वाडा दुरुस्त करणं. माझा जीव अर्थातच यात होता.

चौथा पर्याय त्या वेळी कुणालाच सुचला नव्हता. तो नंतर एका बैठकीतून आला.

निर्णयाचे क्षण

पहिला क्षण: दुसरी तपासणी. पहिल्या अहवालात वाडा सी-१ गटात घातला होता, म्हणजे तातडीने पाडा. हा अहवाल बाहेरून, पाऊण तासात झालेला. आम्ही दुसऱ्या संरचना अभियंत्याकडून प्रत्येक तुळईचं टोक उघडून तपासून घेतलं. तीन आठवडे लागले. निष्कर्ष असा की मागचा चौक खरंच गेलेला आहे, पुढचा चौक मोठ्या दुरुस्तीने टिकेल. एकाच वाड्याचे दोन वाडे झाले. तोवर सगळे "वाडा पाडायचा की ठेवायचा" असं भांडत होते. आता प्रश्न बदलला.

दुसरा क्षण: नकाशा. बिल्डरच्या प्रस्तावावर तिन्ही शाखा जवळजवळ तयार झाल्या होत्या. अण्णांनाही कारखान्यासाठी पुढे आठ बाय दहाचं दुकान मिळणार होतं. ऑक्टोबरमधल्या बैठकीत मी तळमजल्याचा नकाशा जमिनीवर अंथरला आणि अण्णांना विचारलं, तुमची भट्टी कुठे? त्यांनी चष्मा लावून पाहिलं. जिथे त्यांचा मोठा हातोडा पडतो तिथे चार नंबरची गाडी होती. भट्टीच्या जागी लिफ्ट.

"दुकानात ठोकता नाही का येणार?" पुतण्याने विचारलं. अण्णांनी त्याला उत्तर दिलं नाही. मला म्हणाले, "तुम्ही सांगा त्याला."

हे समजावून सांगायला मला तासभर लागला. तांब्याचं काम फरशीवर होत नाही. ज्या लोखंडी दांड्यावर भांडं धरून ठोकतात, त्याचा बुंधा जमिनीत गाडलेला असतो. ठोका जमिनीने खायचा असतो, स्लॅबने नाही. भांड्याचे भाग जोडताना सवागी, म्हणजे टाकणखार, टाकून झाळतात, त्याचा धूर जायला उघडा चौक लागतो. तेजाबात, म्हणजे आम्लात, बुडवून धुतलेलं पाणी वेगळं काढावं लागतं. वरच्या मजल्यावर नेता येत नाही, आठ बाय दहात मावत नाही. आणि पेठेतल्या बहुतेक नव्या इमारतींचा तळमजला गाड्यांनाच जातो.

कसब्याचं काय होतं आहे ते मला त्या नकाशाने दाखवलं. मी वीस वर्षं दिंडी दरवाजे, कोरीव तुळया, सज्जे वाचवायच्या गोष्टी करत होतो. पण आळी जाते ती सज्जा गेल्याने नाही, तळमजला गेल्याने. एक आळी म्हणजे ओळीने उघडे तळमजले. ते मिटले की वर कितीही माणसं राहायला येवोत, तिला आळी म्हणायचं ते सवयीने.

अण्णांनी प्रस्ताव नाकारला. पुतण्या दोन महिने बोलला नाही.

तिसरा क्षण मला आजही टोचतो. डिसेंबरमध्ये मी भाडेकरूंची बैठक घेतली. दुरुस्तीचे कागद, रेखाचित्रं, जुन्या लाकडाचे फोटो, सगळं मांडलं. पुरुष मंडळी हो-हो म्हणत होती. शेवटी शिंप्याच्या वहिनींनी विचारलं, "संडास कुठे येणार?" मी म्हटलं, आहेत तिथेच, पण नव्याने बांधून. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मग आम्हाला बिल्डरच बरा."

मागच्या चौकात चार कुटुंबांत दोन संडास होते. रात्री अंगण ओलांडून जायचं, पावसाळ्यात छत्री घेऊन. आजींना गुडघ्यांमुळे रात्री पाणी प्यायचीही भीती वाटायची. वाड्याच्या सागवानावर मी अर्धा तास बोललो होतो आणि या बायकांना विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. आजवर मालक आणि सल्लागार दोघेही "भाडेकरू" म्हणताना भाडेपावतीवर ज्याचं नाव आहे त्याच्याशीच बोलत होते. काकू, ज्या स्वतः मालक होत्या, त्या बैठकीला बसल्याच नव्हत्या. आत चहा टाकत होत्या. नंतर स्वयंपाकघरात त्या म्हणाल्या, "मी तरी कुठे वेगळं म्हणतेय."

चौथा पर्याय तिथून निघाला. पुढचा चौक होता तसा दुरुस्त करायचा, कारखान्यासकट. मागचा चौक खांब-तुळयांसकट उतरवून, त्याच आराखड्यात लोखंडी सांगाड्याने पुन्हा उभा करायचा, आणि प्रत्येक खोलीला आतला संडास-न्हाणीघर द्यायचं. सगळे नळ आणि सांडपाण्याचे पाइप भिंतीत न घालता एका उघड्या खोबणीत, म्हणजे गळती दिसेल आणि पुन्हा तुळई कुजणार नाही. नवी इमारत नसल्याने पार्किंगचा प्रश्न आला नाही. दुचाकी मात्र मागच्या चौकात लागतात आणि त्यावरून भांडणं होतात.

चौथा क्षण कुलपाचा. धायरीच्या कुटुंबाला आम्ही पत्र पाठवलं, उत्तर नाही. शेवटी मी आणि अण्णा स्वतः गेलो. घरात ऐंशीच्या पुढचे गृहस्थ. खोली का सोडत नाही, असं विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं: आई तिथे गेली. पैशांचा विषयच नव्हता. आम्ही वकिलाच्या भाषेत चार महिने वाया घालवले होते. त्यांनी दुरुस्तीला लेखी संमती दिली, एका अटीवर: नव्या खोलीला जुना दरवाजा लावायचा, कुलपासकट.

काम

वारसनोंदीला सात महिने गेले. ती झाल्याशिवाय बँक दारात उभं करत नाही. झाल्यावरही एका बँकेने वाड्यावर कर्ज नाकारलं आणि पुतण्यानेच, दोन महिने न बोलणाऱ्याने, चिंचवडच्या फ्लॅटवर कर्ज काढलं. त्याची अट स्पष्ट होती: हे त्याच्या शाखेचं कर्ज नव्हे, तिघांचं, आणि हिशेब लेखी. काकूंनी आपल्या वाट्याचा वरचा दिवाणखाना एका छोट्या कचेरीला दिला आणि तीन वर्षांचं भाडं आगाऊ घेतलं. शिवणयंत्रांच्या भाडेकरूने खोली सोडली. त्याला बाजाराला साजेशी रक्कम दिली, ती अर्थातच त्याला कमी वाटली. खर्चाचा अंदाज ७० लाखांचा होता, शेवटी तो वर गेला. उतरवलेल्या मागच्या चौकातलं चांगलं सागवान विकलं नाही, पुढच्या चौकातल्या तुळयांच्या कुजलेल्या टोकांना सांधे देऊन तिथेच वापरलं. वाडा पाडणाऱ्यांकडून त्या लाकडाला किती भाव आला होता हे अण्णा अजून पाहुण्यांना सांगतात.

भाडेकरू काम चालू असताना कुठे राहणार, हा मुद्दा सगळ्यांत जास्त तापला. "एकदा बाहेर पडलो की संपलं" ही भीती पेठेत पिढ्यांची आहे. प्रत्येकाच्या खोलीचं मोजमाप खणांत आणि फुटांत लिहून, फोटो लावून, तिन्ही शाखांच्या सह्यांनिशी नोंदणीकृत करार केला. त्यानंतरच पहिलं सामान हललं.

काम फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. मागचा चौक उघडा, पावसाळा तोंडावर, कामगार गावी. जून-जुलैत अण्णा आणि दोन कारागीर ताडपत्र्या बांधत होते. काम २०२२ च्या वसंतात संपलं.

निष्पत्ती

वाडा उभा आहे. चार कुटुंबांपैकी तीन परत आली. आजी टाळेबंदीच्या दुसऱ्या वर्षी हडपसरलाच वारल्या, त्यांच्या खोलीत आता नातू राहतो. भाडं आपसांत ठरवून वाढवलं, दुरुस्तीचा वार्षिक खर्च निघेल इतकं, आणि ते करारात लिहिलं.

कारखाना चालू आहे, पण वेगळा. पुणे इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने तांबट कारागिरांसोबत नव्या नमुन्यांचं काम केलं होतं, त्याचा आळीला फायदा झाला आणि आमच्या वाड्यालाही. बंब कुणी मागत नाही. पाण्याचे जग, दिवे, थाळ्या, हॉटेलांची वाढायची भांडी मागतात. खरा फरक नमुन्यांचा नाही, हिशेबाचा. आता माल नगावर विकला जातो. लहान दिव्यावर तीन तास मठार देणाऱ्याला त्या तीन तासांचे पैसे मिळतात. हा बदल काकूंनी केला. त्यांनी महिनाभर प्रत्येक भांड्याला लागलेले तास वहीत लिहिले आणि अण्णांसमोर ठेवले. पूर्वी सात हातोडे चालायचे, आज चार. त्यांतले दोन कारागीर तांबट समाजाचे नाहीत. आळीत याबद्दल कुजबुज झाली, अण्णांनी ती ऐकून घेतली आणि पोरांना मठार शिकवणं चालू ठेवलं.

२९ सप्टेंबर २०२४ ला भुयारी मेट्रोचं कसबा पेठ स्थानक सुरू झालं. रविवारी फिरायला येणारे वाढले, वाड्याच्या दारात फोटो काढतात, आतली भांडी घेतात. काही जण ठोकणी ऐकून "किती छान वातावरण" म्हणतात. समोर नव्या सात मजली इमारतीत राहायला आलेल्यांना तेच वातावरण सहन होईना. गेल्या वर्षी त्यांनी आवाजाची तक्रार केली. घर घेताना तांबट आळी हे नाव त्यांनी वाचलं नव्हतं का, असं मला विचारावंसं वाटलं, पण त्यांच्याकडे तान्हं बाळ होतं. तडजोड अशी झाली की दुपारी एक ते चार हातोडा बंद. पुण्यात असा तह एका बैठकीत होतो, दुसऱ्या अटीच कुणी मागत नाही.

जमिनींचे भाव वाढले, हा मेट्रोचा दुसरा परिणाम. त्याच बिल्डरने पुन्हा विचारणा केली आहे, आकडा आधीपेक्षा मोठा.

वेगळं काय करता आलं असतं

वारसनोंद नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी सुरू करायला हवी होती. आम्ही आधी भांडणं मिटवायला बसलो आणि कागद नंतर म्हटलं. सात महिन्यांपैकी चार तरी वाचले असते, आणि काम टाळेबंदीच्या आधी छपरापर्यंत गेलं असतं. पेठेतल्या कुणालाही आज सल्ला विचारला तर मी तुळई बघायच्या आधी मिळकत पत्रिका मागतो.

धायरीला पहिल्या आठवड्यात जायला हवं होतं, पत्र न पाठवता.

कारखान्याचं सांडपाणी आम्ही अर्धवट सोडवलं. तेजाबाचं पाणी निववून सोडायची टाकी बसवली, पण ती लहान पडते. चार हातोड्यांना पुरते, सहाला पुरणार नाही. हिशेब करताना मी आजच्या कामाचा केला, वाढलेल्या कामाचा नाही. धंदा पुन्हा वाढेल यावर, खरं सांगायचं तर, माझाच विश्वास नव्हता.

बिल्डरचा प्रस्ताव नाकारणं बरोबर होतं का, याचं उत्तर तिन्ही शाखा तीन देतात. पुतण्याच्या मते पैशांत ते चुकलंच, आणि त्याचा हिशेब चुकीचा नाही. त्याचं कर्ज अजून फिटलेलं नाही.

आणि ती डिसेंबरची बैठक. तेव्हा मी संडासाचा प्रश्न आधी घेतला असता तर चौथा पर्याय दोन महिने आधी निघाला असता. कदाचित पुतण्याचं मौनही लागलं नसतं, कारण मागचा चौक सोडवला की पैशांचं कोडं निम्मं सुटत होतं.

सध्याची स्थिती

तिन्ही शाखांच्या करारात एक कलम आहे: तळमजला सात वर्षं विकायचा नाही, त्याचा वापर बदलायचा नाही. ते २०२९ मध्ये संपतं. पुतण्याची मुलगी सुट्टीत काकूंकडे येऊन नगांचा हिशेब संगणकावर चढवते. तिला हातोड्यात रस नाही, हिशेबात आहे. कलम पुढे वाढवायचं का, यावर दिवाळीनंतर बसायचं ठरलं आहे. काकूंनी बैठक स्वतः बोलावली आहे आणि भाडेकरूंकडच्या बायकांना आधी निरोप गेला आहे. चहा पुतण्या टाकणार आहे.

धायरीचं भाडं आता मनीऑर्डरने येत नाही, मोबाइलवर येतं. कुलूप तेच आहे.